गॉर्डन हॉल

गॉर्डन हॉल (८ एप्रिल १७८४ – २० मार्च १८२६) हे मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी एक आणि अमेरिकन मराठी मिशनचे संस्थापक होते. मुंबईतील आरंभीच्या देशी भाषेतील शाळा, मराठी मुद्रण आणि बायबलच्या नव्या कराराचे मराठी भाषांतर या कार्यांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. हॉल यांच्यासह पाच तरुणांना एकाच दिवशी दीक्षा मिळाली होती. बाप्तिस्मा पाण्यात बुडवून द्यावा की पाणी शिंपडून अथवा ओतून दिला तरी चालतो, आणि तो लहान बालकांना द्यावा की नाही, या प्रश्नावरून त्यांच्यापैकी दोघे हिंदुस्थानात पाऊल ठेवताच वेगळ्या पंथात गेले. हॉल मूळ मतावर राहिले. या फुटीनंतर उरलेल्यांकडून महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कार्याची पायाभरणी झाली, म्हणून हॉल यांचे चरित्र त्या वादाच्या संदर्भात पाहणे आवश्यक ठरते.

बालपण व शिक्षण

हॉल यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टोलंड येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीची कामे करीतच ते शिकले आणि १८०८ साली विल्यम्स कॉलेजातून पदवीधर झाले. या कॉलेजातील काही विद्यार्थ्यांनी १८०६ साली वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून परदेशात धर्मप्रसारासाठी जाण्याविषयी प्रार्थना केली होती. अमेरिकेतील परदेशी मिशनकार्याचा उगम त्या प्रसंगात मानला जातो. हॉल त्या बैठकीत नव्हते. परंतु त्या विद्यार्थ्यांच्या सहवासात त्यांचा विचार पक्का होत गेला. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. कनेक्टिकटमधील एका मंडळीने त्यांना पाळकपद देऊ केले होते, पण स्थिर उत्पन्नाची ती जागा त्यांनी नाकारली. अँडोव्हर येथील धर्मशाळेत त्यांची ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल आणि सॅम्युएल नॉट या समविचारी तरुणांशी गाठ पडली.

या तरुणांच्या आग्रहामुळे १८१० साली अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनसाठीची संस्था स्थापन झाली. ती प्रामुख्याने काँग्रिगेशनल पंथाची होती. निघण्यापूर्वी हॉल आणि न्यूएल यांनी फिलाडेल्फिया येथे काही काळ वैद्यकाचा अभ्यास केला. हे ज्ञान हॉल यांच्या अखेरच्या प्रवासात कामी आले.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये हॉल, जडसन, न्यूएल, नॉट आणि ल्यूथर राइस या पाच जणांना एकत्र दीक्षा देण्यात आली. त्यानंतर त्यांच्या दोन तुकड्या झाल्या. जडसन व न्यूएल हे आपापल्या पत्नींसह सेलमहून ‘कॅरव्हान’ जहाजाने निघाले; हॉल, राइस आणि नॉट दांपत्य फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ जहाजाने निघाले. दोन्ही जहाजे कलकत्त्यास जाणार होती.

वादाची पार्श्वभूमी

बाप्तिस्मा हा ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा संस्कार आहे. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांच्या नावाचा उच्चार ही त्याची दोन अंगे जवळपास सर्व पंथांना मान्य आहेत. मतभेद होतात ते पाणी किती आणि कसे वापरावे, तसेच हा संस्कार कोणाला द्यावा, या दोन प्रश्नांवर. हे दोन प्रश्न वेगळे असले तरी व्यवहारात ते एकमेकांत गुंतलेले असतात.

बॅप्टिस्ट पंथीयांच्या मते बाप्तिस्मा म्हणजे निमज्जन, म्हणजे संपूर्ण शरीर पाण्याखाली जाणे. यासाठी ते तीन आधार देतात. मूळ ग्रीक क्रियापदाचा मुख्य अर्थ बुडवणे असा आहे. येशूचा बाप्तिस्मा यार्देन नदीत झाला. शिवाय पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याचे वर्णन ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि पुन्हा उठणे असे केले आहे. पाण्याखाली जाऊन वर येण्याच्या कृतीतच हे चित्र दिसते, असे ते म्हणतात. विश्वास ही व्यक्तीने स्वतः कबूल करण्याची गोष्ट असल्याने तान्ह्या बालकाला दिलेला बाप्तिस्मा ते ग्राह्य धरीत नाहीत. अशी व्यक्ती मोठेपणी विश्वास धरून पाण्यात उतरली, तर तो तिचा दुसरा नव्हे, तर पहिलाच बाप्तिस्मा, अशी त्यांची भूमिका असते.

काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन इत्यादी पंथांची भूमिका निराळी आहे. ग्रीक शब्दाचा अर्थ धुणे असाही होतो, याकडे ते लक्ष वेधतात. प्रेषितांच्या कृत्यांत जेरुसलेममध्ये एका दिवसात सुमारे तीन हजार लोकांचा आणि फिलिप्पै येथे मध्यरात्री तुरुंगाधिकाऱ्याच्या सर्व घराण्याचा बाप्तिस्मा झाल्याचे वर्णन आहे. अशा ठिकाणी सर्वांना बुडवले असेलच असे म्हणता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. पाणी शुद्धीची खूण आहे. खूण लहान असल्याने तिचा अर्थ उणा होत नाही, असे ते मानतात. अब्राहामाशी देवाने केलेल्या करारात जशी मुलेबाळेही आली, तशीच विश्वासणाऱ्यांची मुले ख्रिस्ती मंडळीत जन्मतःच येतात, म्हणून त्यांनाही ही खूण द्यावी, असे बालबाप्तिस्म्याचे समर्थन केले जाते.

आरंभीच्या काळातील ‘दिदाखे’ या ख्रिस्ती ग्रंथात वाहते पाणी श्रेयस्कर मानले आहे. मात्र पुरेसे पाणी नसल्यास मस्तकावर तीनदा पाणी ओतण्याची मुभा दिली आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च बालकांना तीन वेळा बुडवून बाप्तिस्मा देते, तर रोमन कॅथलिक चर्चमध्ये मस्तकावर पाणी ओतण्याची रीत रूढ झाली. म्हणजे बुडवणे आणि प्रौढांचा बाप्तिस्मा या गोष्टी नेहमी जोडीनेच येतात असे नाही.

समुद्रप्रवास आणि कलकत्त्यातील फूट

कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथे डॅनिश वसाहतीच्या आश्रयाने विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे इंग्लिश बॅप्टिस्ट मिशनरी काम करीत होते. अमेरिकन तरुणांना प्रथम त्यांच्याकडेच उतरावयाचे होते. विश्वासणाऱ्यांना त्यांच्या घराण्यासह बाप्तिस्मा द्यावा, असा बोर्डाचा आदेश होता. बॅप्टिस्ट यजमानांपुढे याचे समर्थन करावे लागेल, या जाणिवेने जडसन यांनी जहाजावर या विषयाचा नव्याने अभ्यास सुरू केला. अभ्यास करता करता त्यांचीच खात्री डळमळू लागली. कलकत्त्यास पोहोचल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी आणि त्यांच्या पत्नी ॲन यांनी बॅप्टिस्ट मत स्वीकारले. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्याच्या लाल बझार येथील चॅपेलमध्ये वॉर्ड यांनी दोघांना निमज्जनाने बाप्तिस्मा दिला.

हॉल ज्या जहाजाने आले, त्यावर इंग्लिश बॅप्टिस्ट मिशनरीही होते आणि राइस यांची त्यांच्याशी या विषयावर वाटेत चर्चा होत असे. बालबाप्तिस्म्याची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या राइस यांचेही मत पुढे पालटले. १ नोव्हेंबर १८१२ रोजी तेही पाण्यात उतरले.

या घटनांचा परिणाम केवळ तात्त्विक नव्हता. जडसन व राइस यांना पाठवण्याचा खर्च काँग्रिगेशनल मंडळ्यांनी केला होता. मत बदलल्यामुळे त्यांना बोर्डाचा राजीनामा द्यावा लागला आणि ते एका दिवसात निराधार झाले. दुसरीकडे, अमेरिकेने हिंदुस्थानात पाठवलेल्या पहिल्या पाच जणांपैकी दोघे गेल्याने बोर्डाचे मनुष्यबळ कामाला आरंभ होण्यापूर्वीच घटले. एकत्र राहून काम करण्याची जी योजना या मित्रांनी आखली होती, ती मोडली. एकमेकांविषयीचा जिव्हाळा कायम असूनही त्यांना एका मंडळीत राहणे शक्य नव्हते. कारण एकाच्या दृष्टीने जो बाप्तिस्मा पूर्ण होता, तो दुसऱ्याच्या दृष्टीने झालेलाच नव्हता. न्यूएल यांच्या पत्नी हॅरिएट १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशस येथे अवघ्या एकोणिसाव्या वर्षी मरण पावल्या, त्यामुळे या तुकडीवर दुःखाची आणखी एक छाया पडली.

पुढे राइस यांनी अमेरिकेत परतून तेथील विखुरलेल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांना एकत्र आणले. १८१४ साली त्यांची परदेशी मिशनसाठीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. जडसन ब्रह्मदेशात गेले आणि त्यांनी तेथे आयुष्य वेचले. हॉल आणि नॉट यांनी मुंबईचा मार्ग धरला.

मुंबईत प्रवेश

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. त्यातच १८१२ च्या जूनमध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाल्याने अमेरिकन नागरिकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. हॉल व नॉट यांना इंग्लंडला रवाना करण्याचा आदेश निघाला. परंतु तो अमलात येण्यापूर्वीच ते मुंबईच्या जहाजावर चढले होते. १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत दाखल झाले.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना त्यांच्याविषयी सहानुभूती होती, पण कलकत्त्याचा हुकूम डावलणे त्यांनाही कठीण होते. हद्दपारी टळत नाही असे दिसल्यावर हॉल आणि नॉट गुपचूप गलबताने कोचीनला गेले. तेथून त्यांना परत मुंबईस आणण्यात आले. हॉल यांनी गव्हर्नरांना लिहिलेल्या निवेदनांत सदसद्विवेकाचा हक्क आणि ख्रिस्ती शासकाचे ईश्वरापुढील उत्तरदायित्व यांची निर्भीड मांडणी केली. अखेर हद्दपारी स्थगित झाली. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केली आणि त्यानंतर त्यांचे वास्तव्य कायम झाले. १८१४ साली न्यूएल सिलोनमार्गे त्यांना येऊन मिळाले. १८१५ साली प्रकृती बिघडल्याने नॉट मायदेशी परतले. पाचांपैकी मुंबईत आता दोघेच उरले होते.

मुंबईतील कार्य

हॉल यांनी मराठीचा कसून अभ्यास केला. बाजारात, रस्त्यांवर आणि देवळांच्या परिसरात ते लोकांशी मराठीत बोलत व वाद करीत. मिशनने देशी मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांत हिंदू मुलांबरोबर बेने इस्राएल समाजातील मुलेही शिकत. १८२४ साली मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. पश्चिम हिंदुस्थानातील मुलींच्या आरंभीच्या शाळांत तिची गणना होते. होरेशिओ बार्डवेल यांच्या आगमनानंतर छापखाना उभा राहिला आणि १८१७ पासून त्यातून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या. मुंबईतील मराठी मुद्रणाच्या इतिहासात या छापखान्याला महत्त्वाचे स्थान आहे. पुढे माहीम आणि ठाणे येथेही मिशनची ठाणी झाली. १८२३ साली मुंबईत मिशनचे स्वतःचे चॅपेल बांधून झाले.

१८१६ साली हॉल यांचा विवाह मार्गारेट लुइस यांच्याशी मुंबईतच झाला. १८१८ साली हॉल व न्यूएल यांनी मिळून लिहिलेले जगाच्या धर्मपरिवर्तनाविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. साठ कोटी लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी किती मनुष्यबळ व पैसा लागेल, याचा हिशोब मांडणारे हे पुस्तक अमेरिकेत बरेच वाचले गेले. १८२१ साली न्यूएल पटकीने मरण पावले. तेव्हापासून सेलमच्या पाच जणांपैकी मुंबईत हॉल एकटेच राहिले.

बाप्तिस्म्याच्या दृष्टीने मुंबईचा परिसर कोरा नव्हता. वसई आणि साष्टी या भागांत, वांद्र्यापासून थेट दहिसरजवळच्या मंडपेश्वरापर्यंत, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच चर्च उभारली होती. तेथील कॅथलिक कुटुंबांत बालकांच्या मस्तकावर पाणी ओतून बाप्तिस्मा देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. मराठी कॅथलिक या विधीला स्नानसंस्कार असेही म्हणतात. हॉल यांच्या मिशनला मात्र बाप्तिस्मा घेणारे फारसे लाभले नाहीत. १८१९ साली मुंबईत कादर यार खान या हैदराबादच्या मुसलमान गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला. मिशनच्या आरंभीच्या वर्षांतला हा ठळक प्रसंग होय. बाप्तिस्मा म्हणजे जात, घर आणि वारसा यांना मुकणे, हे त्या काळी प्रत्येकाला माहीत होते. पाणी चार थेंब असो वा नदीभर, समाज त्याची किंमत सारखीच वसूल करीत असे. म्हणून ज्या प्रश्नाने मिशनरी आपसांत दुभंगले होते, तो प्रश्न इथल्या जिज्ञासूच्या दृष्टीने दुय्यम होता; त्याच्यापुढचा प्रश्न पाण्याजवळ जावे की जाऊ नये, हा होता.

भाषांतर आणि शब्दाची निवड

नव्या कराराचे मराठी भाषांतर हे हॉल यांच्या शेवटच्या वर्षांतील मुख्य काम होते. श्रीरामपूरच्या मिशनने कॅरी यांच्या देखरेखीखाली १८११ साली मराठी नवा करार छापला होता. कॅरी यांचे मराठीचे पंडित वैजनाथ हे नागपूरकडील होते. मुंबईच्या मिशनऱ्यांना आपल्या भागातील वाचकांसाठी स्वतंत्र भाषांतराची गरज वाटली. अनेकांच्या हातून सिद्ध झालेल्या या भाषांतराचे मुद्रण १८२६ साली पूर्ण झाले.

भाषांतर करताना बाप्तिस्म्याचा वाद पुन्हा समोर उभा राहतो. मूळ ग्रीक शब्दासाठी बुडवणे या अर्थाचे क्रियापद वापरले, तर भाषांतर बॅप्टिस्ट मताचे होते. धुणे किंवा शिंपडणे असे म्हटले, तर ते दुसऱ्या बाजूचे होते. जडसन यांनी ब्रह्मी बायबलमध्ये बुडवण्याच्या अर्थाचा शब्द योजला. कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट भाषांतरकारांनीही बंगालीत तसेच केले. अशा भाषांतरांना अर्थसाहाय्य देण्यास ब्रिटिश आणि अमेरिकन बायबल संस्थांनी १८३० च्या दशकात नकार दिला. त्यामुळे अमेरिकेत १८३६ साली आणि इंग्लंडमध्ये १८४० साली बॅप्टिस्टांनी आपल्या स्वतंत्र बायबल संस्था काढल्या. मराठी बायबलमध्ये ग्रीक शब्दच किंचित बदलून बाप्तिस्मा या रूपात रूढ झाला. या रूपाने कोणतीच बाजू घेतली नाही. नदीकाठी जमलेली मंडळी आणि चर्चमधील दगडी कुंडाजवळ उभी असलेली मंडळी एकच ओळ वाचून आपापल्या रीतीने पाण्याकडे वळू शकतात, हे या शब्दाचे वैशिष्ट्य आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की मराठी वाचकाला हा शब्द स्वतःहून काहीच सांगत नाही; त्याचा अर्थ ज्या त्या मंडळीकडून शिकावा लागतो.

अखेर

मुंबईच्या हवेत मुलांची प्रकृती टिकेना, म्हणून १८२५ साली मार्गारेट हॉल दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. थोरला मुलगा जहाजावरच मरण पावला. धाकटा गॉर्डन पुढे अमेरिकेत पाळक झाला. हॉल मात्र कामासाठी मुंबईतच थांबले होते.

१८२६ च्या मार्चच्या आरंभी दोन ख्रिस्ती तरुणांना सोबत घेऊन हॉल घाटावर प्रवासाला निघाले. नाशिक येथे पटकीची साथ जोरात होती. त्यांनी जवळची बरीचशी औषधे तेथील रुग्णांना वाटली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळाच्या ओसरीत मुक्काम असताना त्यांनाच पटकीने गाठले. २० मार्च १८२६ रोजी काही तासांतच त्यांचा अंत झाला. त्यांचे वय बेचाळीसच्या आत होते. सोबतच्या तरुणांनी तेथेच त्यांचे दफन केले. ज्या नव्या करारासाठी त्यांनी श्रम घेतले, त्याचे मुद्रण त्याच वर्षी पूर्ण झाले.

वारसा

हॉल यांच्या पश्चात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे केंद्र उघडले आणि तेथून त्याचा महाराष्ट्रात विस्तार झाला. कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे ख्रिस्ती जीवन याच परंपरेत घडले. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला. पुढे १९१७ साली त्यांनी उभारलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही स्थान होते.

निमज्जनाचा आग्रह धरणारे पंथही कालांतराने या भागात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वलसाड आणि त्यानंतर डहाणू परिसरात काम सुरू करणारे ब्रदरन पंथीय विश्वास कबूल करणाऱ्यास तीन वेळा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत. मराठी काँग्रिगेशनल मंडळ्या १९२० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातील संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. पुढे अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तिच्यात हे संयुक्त चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांचा एक गट असे सहा प्रवाह एकत्र आले. वाटाघाटींत बाप्तिस्म्याचा, विशेषतः बालपणी बाप्तिस्मा झालेल्यास तो पुन्हा देता येईल का, हा प्रश्न अत्यंत अवघड ठरला. अखेर बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती पर्याय म्हणून मान्य झाल्या आणि कोणती स्वीकारावी हे कुटुंबाच्या सदसद्विवेकावर सोपवले गेले. कॅथलिक आणि अनेक स्वतंत्र बॅप्टिस्ट व पेंटेकोस्टल मंडळ्या या ऐक्याबाहेर राहिल्या, आणि त्यांच्यात हा वाद आजही जिवंत आहे.

१८१२ साली कलकत्त्यास ज्या प्रश्नावरून हॉल आणि त्यांच्या मित्रांना वेगळे व्हावे लागले, त्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एका चर्चच्या घटनेत शेजारी शेजारी लिहिली जाण्यास अशी १५८ वर्षे लागली.